पाणलोट क्षेत्र आणि बुडीत क्षेत्र

ज्या भूभागावर पडलेला पाऊस उतारावरून वाहत एकाच नदीला किंवा जलाशयाला मिळतो, तो सगळा भाग त्या जलाशयाचे पाणलोट क्षेत्र. पत्र्याच्या छपरावरचे पाणी पन्हाळीतून रांजणात येते. रांजण हा जलाशय धरला, तर छप्पर हे पाणलोट क्षेत्र. छपरावर घाण असेल, तर रांजण कितीही घासला तरी पाणी गढूळच भरणार.

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. पाण्याखाली गेलेली शिवारे म्हणजेच त्याचे पाणलोट क्षेत्र, असा समज सर्रास आढळतो. ती शिवारे म्हणजे बुडीत क्षेत्र. पाणलोट क्षेत्र त्याहून कितीतरी मोठे असून, ते पूर्णेच्या उगमाकडे थेट अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंत पोहोचते.

त्यामुळे शहराने पाणलोटातली जमीन घेतली म्हणजे ती बुडणार, असे नव्हे. ती कोरडी आणि हिरवी राहावी, हाच हेतू असतो. मुंबईसाठी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव बांधले गेले. पाणी दूषित होऊ नये म्हणून त्यांच्या पाणलोटातली जमीन संपादित करून तिथली शेती थांबवण्यात आली. आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बरेचसे रान त्यामुळेच टिकले. शेती सुटलेल्यांच्या वाट्याला मात्र विस्थापन आले. याउलट न्यूयॉर्क शहराने पाणलोटाबाबतच्या १९९७ च्या करारानुसार विकायला राजी असलेल्यांकडूनच जमीन घेतली. काही ठिकाणी त्याने फक्त संवर्धन-हक्क (बांधकामावर कायमचे बंधन, मालकी मूळ मालकाचीच) विकत घेतले.

येलदरीचे पाणलोट अनेक जिल्ह्यांत पसरलेले असल्याने ते विकत घेणे कोणत्याही नगरपालिकेच्या आवाक्यातले नाही. तिथे मृदसंधारण (बांधबंदिस्ती, समतल चर, झाडे लावून माती धरून ठेवणे) शेतकऱ्यांच्या स्वतःच्या रानातच करावे लागते.