कातडे ते चामडे (लेखांक सहावा) : टरफलांचा रंग चढवायचा कशावर?

मागच्या लेखात बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कसे कमावतात ते पाहिले. आता रंगाकडे वळू. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून चामड्याला रंग देता येतो, यात अतिशयोक्ती नाही. कांद्याच्या टरफलात क्वेर्सेटिन हे पिवळे द्रव्य असते. तुरटीच्या जोडीने ते सोनेरी दिसते, लोखंडाच्या क्षाराने हिरवट-काळपट होते. डाळिंबाच्या सालीत तर टॅनिनच भरपूर, त्यामुळे ती रंगही देते आणि कातडे कमावण्याच्या कामीही येते. नाशिकचा कांदा आणि सोलापूरचे डाळिंब पाहता आपल्याकडे या मालाला तोटा नाही. तरीही रंग कशापासून काढला यापेक्षा तो कोणत्या चामड्यावर चढवला, याला मी जास्त महत्त्व देतो.

जगातले बहुतेक चामडे आज क्रोमियमच्या क्षाराने कमावले जाते. टरफलांचा रंग त्यावरही बसतो, कारण क्वेर्सेटिन धातूला धरून ठेवते. पण रंगाच्या पिंपापर्यंत चामडे पोहोचते तोवर क्रोमियमचे सांडपाणी वाहून गेलेले असते. अशा चामड्यावर शेवटचा हात कांद्याचा फिरवून त्याला ‘नैसर्गिक’ म्हणणे ही धूळफेकच. कोल्हापुरी चपलेचे तसे नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेचे पारंपरिक चामडे मुळातच झाडपाल्याने कमावलेले असते. फक्त सुती कापडासारखे ते उकळत्या रंगात घालता येत नाही. असे ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसते. म्हणून साली आधी उकळायच्या, काढा गाळायचा आणि कोमट झाल्यावरच चामड्याला लावायचा.

हा रंग उन्हात उडतो, हा नेहमीचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. विशेषतः पिवळा टिकत नाही. पण हे चामडे स्वतःच उन्हाने गडद होत जाते. त्यामुळे भडक पिवळ्याचा हट्ट सोडून तपकिरी, खाकी, काळ्या छटांत राहणे शहाणपणाचे. दुसरा आक्षेप असा की तुरटी आणि लोखंड हीसुद्धा रसायनेच. आहेतच, आणि लोखंडाचा अतिरेक झाला तर चामडे कालांतराने ठिसूळ होते, त्यामुळे हात आखडताच हवा. रंग पक्का व्हावा म्हणून कोणी डायक्रोमेट, म्हणजे पुन्हा क्रोमियमच, वापरू लागले, तर मात्र सगळा खटाटोप व्यर्थ. राहिला प्रश्न छटेचा. दोन घाणे कधीच सारखे येत नाहीत. हजारो जोड एका छटेत हवे असणाऱ्या कारखान्याला हे परवडणार नाही, हे मान्य करायला हवे. हाताने चपला करणाऱ्या कारागिराने मात्र एका जोडाचे चामडे एकाच घाण्यात रंगवले की भागते. तेव्हा दुकानात ‘नैसर्गिक रंग’ अशी चिठ्ठी दिसली, तर किंमत विचारण्याआधी चामडे कशाने कमावले आहे ते विचारा.