उंदीर मेले की नाही? बिळे मोजून पाहा!

विषारी आमिष टाकले, बांधावर दोन-चार उंदीर मरून पडले, की आपण समाधान मानतो. पण बरेचसे उंदीर बिळातच मरतात, आणि किती जिवंत राहिले ते तर कोणालाच दिसत नाही. म्हणून मेलेले उंदीर मोजू नका, उघडी बिळे मोजा.

सोमवारी संध्याकाळी शेतातली व बांधावरची सगळी बिळे चिखलाने लिंपा. प्रत्येकाजवळ एक तुराटी रोवा. मंगळवारी सकाळी जी उकरलेली दिसतील ती नांदती बिळे. आकडा वहीत लिहा. मंगळवार-बुधवार त्यांत तेल चोळलेला ज्वारीचा साधा भरडा ठेवा. इथेच अनेकजण घाई करतात. उंदीर मोठा संशयी. नवे खाणे तो आधी चाखतो. थोडे विष पोटात जाऊन नुसताच आजारी पडला, तर पुढे कित्येक दिवस त्या आमिषाला तोंड लावत नाही.

गुरुवारी संध्याकाळी 480 ग्रॅम भरडा, 10 ग्रॅम तेल व 10 ग्रॅम झिंक फॉस्फाईड काठीने कालवा. दर बिळात 10 ग्रॅम, म्हणजे 50 बिळांना पुरते. घरातले भांडे वापरू नका, तोंडाला फडके बांधा, पोरांना लांब ठेवा. या विषावर उतारा नाही. शुक्रवारी सकाळी उरलेले आमिष व मेलेले उंदीर खोल पुरा. नाहीतर कुत्री-मांजरे, घुबडे फुकट मरतील. त्याच संध्याकाळी बिळे पुन्हा लिंपा व शनिवारी मोजा.

समजा, आधी 40 बिळे उघडी होती, आता 10 आहेत. म्हणजे शंभरात 75 गुण! पण मध्येच उसाला पाणी दिले असेल तर हा हिशेब फसवा. ओलीमुळेही उंदीर बिळे सोडतात. शेजारच्या विष न टाकलेल्या शेतातली बिळेही मोजलीत तर खरे काय ते कळेल.

उरलेल्या 10 बिळांत पुन्हा झिंक फॉस्फाईड नको, ते उंदीर शहाणे झालेले असतात. तिथे ब्रोमॅडिओलोनचे तयार आमिष ठेवा. त्याने उंदीर सावकाश, काही दिवसांनी मरतो, त्यामुळे त्याला संशय येत नाही. मात्र तेव्हा मोजणी दुसऱ्या दिवशी न करता दोन आठवड्यांनी करा. आणि शेजाऱ्यालाही सोबत घ्या. उंदराला बांध अडवत नाही.