विश्लेषण : महापेत ऑफिसे भरपूर, पण ऑफिसचे काम शिकवते कोण?

दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरलेल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात महापे साधारण मध्यावर येते. एका बाजूला मिलेनियम बिझनेस पार्कमधील आयटी कंपन्या, दुसऱ्या बाजूला जुने कारखाने, गोदामे आणि छोटी युनिट्स. काम कोणतेही असो, प्रत्येक ठिकाणी एक माणूस लागतोच. आलेले टपाल नोंदवणारा, बिले लावणारा, हजेरी पगारापर्यंत नेणारा. जाहिरातीत त्याला ‘ऑफिस असिस्टंट’, ‘बॅक ऑफिस’ किंवा ‘ॲडमिन एक्झिक्युटिव्ह’ म्हणतात आणि खाली बहुतेक वेळा एक ओळ असते : अनुभव हवा. नुकत्याच बी.कॉम. झालेल्या घणसोली-कोपरखैरण्यातील मुला-मुलींची गाडी नेमकी इथेच अडते. ही दरी भरण्यासाठी मांडलेली एक कल्पना म्हणजे कम्युनिटी कॉलेज.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

परिसरातील लोकांना परिसरातील रोजगारासाठी तयार करणारे, कमी खर्चाचे महाविद्यालय. अमेरिकेत १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झालेले कॉलेज या प्रकारातील सर्वांत जुने मानले जाते. भारतात १९९५ मध्ये पुद्दुचेरीत सुरुवात झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून योजना आणली आणि सध्याच्या महाविद्यालयांतच असे अभ्यासक्रम चालवण्याची मुभा दिली.

यातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे श्रेयांकांची वाटणी. वर्षभराच्या ६० श्रेयांकांपैकी ३६ कौशल्याचे आणि २४ सामान्य शिक्षणाचे. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रात हेच प्रमाण १८ आणि १२. म्हणजे शिकण्याचा ६० टक्के भाग हाताने करण्याचा. शिवाय स्थानिक उद्योगाला अभ्यासक्रम ठरवण्यात आणि प्रत्यक्ष काम शिकवण्यात सामील करून घेणे अपेक्षित आहे. कागदावर हे सुंदर दिसते. मात्र शेजारच्या कंपनीने विद्यार्थ्याला खरोखर टेबलाशी बसू दिले, तरच त्याला अर्थ आहे.

नेमके शिकायचे काय?

‘एमएस ऑफिस येते’ एवढे पुरत नाही. छोट्या कंपनीचे ऑफिस तारखांवर चालते. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ साधारण ११ तारखेला, पीएफ आणि ईएसआयसी १५ तारखेपर्यंत, जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत. शेवटची तारीख हुकली तर विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये (त्याला कमाल मर्यादा आहे) आणि थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज. पीएफ उशिरा भरल्यास १२ टक्के व्याज, वर दंड वेगळा. भरणा करतो अकाउंटंट किंवा सीए. पण त्याच्याकडे बिले आणि हजेरी वेळेत पोहोचवणे हे ऑफिस सांभाळणाऱ्याचे काम, आणि उशीर बहुतेकदा तिथेच होतो.

दुसरे उदाहरण ई-वे बिलाचे. ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल राज्याबाहेर जाणार असेल तर ते लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख रुपये आहे. टेम्पो गेटवर उभा, चालक घाईत आणि गाडीचा क्रमांक चुकीचा टाकलेला, अशा वेळी काय करायचे हे पाठ्यपुस्तकातून येत नाही. किरकोळ खर्चाचे व्हाउचर, बैठकीचे इतिवृत्त, एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवून फरक काढणे हेही तसेच. दहा वेळा केले की जमते.

फायली लावण्याचे शास्त्र

हा भाग सर्वांत कंटाळवाणा समजला जातो, पण महाराष्ट्राकडे या बाबतीत स्वतःची परंपरा आहे. सरकारी कार्यालयांत ‘सहा गठ्ठे पद्धत’ शिकवली जाते. टेबलावरचे कागद सहा भागांत लावायचे : कार्यवाही चालू असलेले, उत्तराच्या प्रतीक्षेतील, नियतकालिक अहवालांचे, स्थायी आदेशांचे, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. अभिलेखांचे वर्गही ठरलेले. ‘अ’ कायमचे, ‘ब’ ३० वर्षांचे, ‘क’ साधारण पाच ते दहा वर्षांचे, ‘ड’ एका वर्षाचे.

१९८०च्या दशकात तत्कालीन अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी टेबलांची मांडणी, कामाची वाटणी आणि अभिलेख कक्ष यांची फेररचना केली. ‘लखीना पॅटर्न’ हे नाव प्रशासनात आजही निघते.

खासगी ऑफिसलाही हा हिशेब चुकत नाही. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात, तर जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. स्कॅन करून ‘न्यू फोल्डर (३)’मध्ये टाकलेले बिल सापडत नसेल, तर ते ठेवूनही न ठेवल्यासारखेच.

फी भरण्याआधी काय तपासावे?

पहिला प्रश्न : प्रमाणपत्र कोण देणार? विद्यापीठ, राज्याचे कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ, की फक्त क्लासचा मालक? दुसरा प्रश्न : प्रत्यक्ष कामाचे तास किती आणि कोणत्या कंपनीत? उत्तर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे आले तर तोच प्रश्न पुन्हा विचारावा. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव पाटीवर असले म्हणून अभ्यासक्रमाला मान्यता आहे असे होत नाही.

सरकारी लिपिक-टंकलेखक पदाकडे डोळा असेल तर वाट थोडी वेगळी. तिथे मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र लागते. त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ऑफिस मॅनेजमेंटचा डिप्लोमा त्याची जागा घेत नाही.

फी परवडत नसेल तर शिकाऊ उमेदवारीचा पर्याय आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत कंपनी विद्यावेतन देते आणि त्यातील २५ टक्के, कमाल १,५०० रुपये दरमहा, केंद्र सरकार उचलते. नोंदणी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर करता येते. अर्ज करताना कामाच्या स्वरूपात ‘ऑफिस’ किंवा ‘ॲडमिन’ लिहिले आहे का, हे आधी पाहावे. कारखान्यातील जागांच्या यादीत ऑफिसच्या जागा सहज नजरेतून सुटतात.