नोंद नसलेले मत

व्यापाऱ्याच्या घरी वही ही पूजनीय वस्तू आहे. दिवाळीला तिचे पूजन होते आणि वर्षभर नावावाचून एकही रक्कम तिच्यात लिहिली जात नाही. येणे कोणाचे, देणे कोणाचे, हे नावानिशी दिसले पाहिजे, हा आपल्या वाडवडिलांचा दंडक. परंतु आपल्या कुटुंबजीवनाला स्पर्श करणारे कायदे जेथे संमत होतात, त्या संसदेच्या वहीत बहुधा नावे नसतात.

वैद्यकीय गर्भपात कायद्यातील दुरुस्तीचेच उदाहरण घेऊ. १७ मार्च २०२० रोजी लोकसभेने आणि १६ मार्च २०२१ रोजी राज्यसभेने ती संमत केली. विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी गर्भपाताची मुदत २० आठवड्यांवरून २४ आठवड्यांपर्यंत वाढली. गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानुसार त्यापुढेही अनुमती मिळू लागली. विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे, ही राज्यसभेतील मागणी फेटाळली गेली. दोन्ही सभागृहांत निर्णय झाला तो आवाजी मतदानाने. पीठासीन अधिकारी अनुकूल आणि प्रतिकूल सदस्यांचा पुकारा ऐकतात आणि ज्या बाजूचा आवाज मोठा वाटेल तिची सरशी जाहीर करतात. एखाद्या सदस्याने आग्रह धरला तरच मतविभागणी होते आणि नावे कामकाजात नोंदली जातात. तशी मतविभागणी झाली नाही. त्यामुळे आपल्या खासदाराने काय मत दिले, हे आज कोणत्याही कागदावर सापडत नाही.

घटनादुरुस्तीची गोष्ट वेगळी. तेथे विशेष बहुमत लागते, म्हणून मोजणी करावीच लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाच्या विधेयकाला लोकसभेत ४५४ मते अनुकूल व २ प्रतिकूल पडली. राज्यसभेत २१४ मते अनुकूल पडली आणि विरोधात एकही नव्हते.

शिवाय आपल्याकडे पक्षादेशाचे बंधन असते. १९८५ साली आलेल्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. ब्रिटनमध्ये मात्र गर्भपातासारखा प्रश्न सदस्याच्या सदसद्विवेकावर सोडण्याची परंपरा आहे. २० मे २००८ रोजी तेथील कनिष्ठ सभागृहात ही मर्यादा २४ वरून २२ आठवड्यांवर आणण्याचा प्रस्ताव आला. बाजूने २३३ आणि विरोधात ३०४ मते पडून तो फेटाळला गेला. कोणी कोणते मत दिले, हे तेथील कोणीही नागरिक आज वाचू शकतो.

या कायद्याचे मूळ महाराष्ट्राशी जोडलेले आहे. असुरक्षित गर्भपातांमुळे स्त्रियांच्या जिवाला होणारा धोका लक्षात घेऊन १९६४ साली एक समिती नेमली गेली. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा तिचे अध्यक्ष होते. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९७१ चा कायदा झाला.

आपल्यापुढे येथे खरा पेच उभा राहतो. गर्भज मनुष्य हा संज्ञी पंचेंद्रिय जीव होय, त्याचा घात ही हिंसा, ही आपली शिकवण. त्याच वेळी पर्युषणात आपण कल्पसूत्रातील प्रसंग ऐकतो. मातेला पीडा होऊ नये म्हणून वर्धमान गर्भात निश्चल राहिले आणि त्या निश्चलतेनेच त्रिशलामाता व्याकूळ झाली, हे जाणून त्यांनी पुन्हा हालचाल केली. गर्भाची करुणा आणि मातेची करुणा त्या कथेत वेगळी काढता येत नाही. कायदा करणाऱ्यालाही या दोहोंचा विचार करावा लागतो. त्याने तो कसा केला, हे विचारण्याचा अधिकार मतदाराचा आहे.

परंतु प्रश्न विचारण्यापूर्वी आपली वही उघडली पाहिजे. गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये संसदेने तो देशभरासाठी केला. त्यानंतर २००१ ची जनगणना झाली. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या आणि जैन समाजात ८७०. त्याच जनगणनेत ९४.१ टक्के साक्षरतेसह आपला समाज देशात पहिला होता. २०११ मध्ये मुलींचा आकडा ८८९ वर आला. सुधारणा झाली, तरी देशाच्या सरासरीपेक्षा आपण मागेच राहिलो. पाण्यातील सूक्ष्म जीवांसाठी गलणे बांधणाऱ्या समाजाला हा आकडा अस्वस्थ करणारा नाही काय?

वारसाहक्काचेही तसेच. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये दिला. तरीही दुकानाच्या किंवा घराच्या वाटणीची वेळ आली की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. ती सही करते, कारण माहेर तुटू नये असे तिला वाटते. सभागृहाने दिलेले माजघरात परत घेतले जाते.

सभागृहातले आवाजी मतदान निदान ऐकू तरी येते. घरातले मतदान निःशब्द असते. त्याची नोंद दहा वर्षांनी जनगणनेत उमटते, तीही नावाविना.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. निवडणुकीत उमेदवार आपल्या पेढीवर येतात तेव्हा कर आणि परवाने यांबरोबर कुटुंबविषयक कायद्यांवरील त्यांचे मतही विचारावे, आणि अशा विधेयकांवर मतविभागणी मागाल काय, असेही विचारावे. संसदेतील भाषणे छापली जातात, तीही वाचावीत. दुसरी गोष्ट घरातली. यंदा वहीपूजनाला घरच्या लेकीसुनांनाही वहीसमोर बसवावे आणि पानावर त्यांचा हिस्सा त्यांच्या नावानिशी लिहावा.