पटाची धूळ आणि धुरकऱ्याचे डोळे

सुगी आटोपून शेते मोकळी झाली की उमरेडसह पूर्व विदर्भात शंकरपटाचे वेध लागतात. २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी आली होती. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला आणि पटांना पुन्हा रंग चढला. बैलजोडीला तळहाताच्या फोडाप्रमाणे जपणारा धुरकरी स्वतःचे डोळे मात्र उघडेच ठेवतो.

छकड्यावर बसलेल्या धुरकऱ्याचा चेहरा बैलांच्या अगदी मागे असतो. खुरांनी उडालेली माती, खडे, कुटाराचे कण थेट डोळ्यात येतात. कधी शेपटीचा फटकाराही बसतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यावर ओरखडा उठला की जंतूंना वाट मिळते. काडीकचऱ्याने झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होण्याची भीती अधिक. ही बुरशी हळूहळू पसरते. सुरुवातीला फक्त डोळा खुपतो, लाल होतो. काही दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. तोवर बराच उशीर झालेला असतो. जखम भरली तरी मागे ‘फूल’ राहते आणि नजर अधू होते.

खरे नुकसान अनेकदा घरगुती उपायांनी वाढते. कण काढण्यासाठी कुणी जीभ फिरवतो, कुणी पदराचे टोक किंवा काडी घालतो, कुणी सब्जाचे बी टाकतो. त्याहून घातक म्हणजे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब. त्यांनी लाली उतरते, बरे वाटते. पण आत बुरशी फोफावते.

मग करायचे काय? डोळा चोळू नका. हात धुऊन स्वच्छ पाण्याची धार डोळ्यावर सोडा. त्यानंतरही खुपत असेल, पाणी गळत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल, तर त्याच दिवशी उमरेडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. गरज पडल्यास तेथून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोच्या नेत्ररोग विभागात जाता येते. काही रुतले असेल तर ते उपसू नका, पाणीही मारू नका. डोळ्यावर दाब न देता कागदी कप टेकवून सरळ रुग्णालय गाठा.

बचाव त्याहून सोपा आहे. पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनीही झाकणारा, मागे पट्ट्याने बसणारा पारदर्शक गॉगल वापरावा. उन्हाचा काळा चष्मा कडेने येणारी धूळ अडवत नाही आणि काचेचा असेल तर फुटून डोळ्यात जाऊ शकतो. आयोजकांनी धावपट्टीवर आधी पाणी शिंपडावे आणि लहान मुलांना दोरीपासून दूर ठेवावे.

पट काही सेकंदांत संपतो. पुढच्या वर्षी जोडी हाकायची तर नजर शाबूत हवी.