फांदीवरची गाठ की घोडा?

गवतातला नाकतोडा उडी मारतो, तेव्हाच आपल्याला दिसतो. पिग्मी समुद्रघोडा तर उडीही मारत नाही. जेमतेम 2 सेंटिमीटरचा हा मासा (हो, मासाच!) पश्चिम प्रशांत महासागरात जाळीदार पंख्यासारख्या प्रवाळाला शेपटीचा विळखा घालून आयुष्य काढतो. 1969 साली न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्जिबां यांनी मत्स्यालयासाठी असा एक समुद्रपंखा काढून आणला, तेव्हा कुठे हा सापडला.

पंख्याच्या फांद्यांवर इवल्या गाठी असतात. प्रत्येक गाठीत एकेक प्रवाळजीव अंग चोरून बसलेला. घोड्याच्या अंगावर तेवढेच, त्याच रंगाचे उंचवटे. तोंडही आखूड, लांब असतं तर त्यानंच चुगली केली असती.

मग हा रंग आईबापांकडून येतो? 2014 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात नारिंगी जोडप्याच्या पिल्लांना जांभळा पंखा दिला. जन्मतः मळकट तपकिरी असलेली पिल्लं त्यावर टेकली आणि जांभळी झाली. नव्या घराच्या भिंतीचा रंग बघून सदरा शिवावा, तसं! बाळंतपण मात्र सगळ्या समुद्रघोड्यांप्रमाणे इथेही बापाकडेच.