लोणावळ्याच्या पावसात जपानी कपाट

आषाढ लागला की लोणावळ्यातली दारं अडायला लागतात. बाथरूमचं दार खांद्यानं ढकलावं लागतं, कपाटाचा ड्रॉवर अर्ध्यावर रुसतो. मग सुतार येतो, रंधा मारतो, दार मोकळं होतं. आणि मार्गशीर्षात त्याच दाराच्या कडेनं उजेड दिसायला लागतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या गावात हल्ली बंगल्यांच्या दिवाणखान्यांसाठी जपानी धाटणीची लाकडी टीव्ही कपाटं पसंत केली जातात: बुटकी, लांबलचक, पुढे बारीक उभ्या पट्ट्यांची सरकती दारं, खिळा कुठेही दिसत नाही. इतकं नाजूक काम इथल्या पावसात टिकेल का, अशी शंका येणारच. मला तर वाटतं, आपल्या जाडजूड कपाटांपेक्षा तेच जास्त टिकेल. मात्र ते खरंच जपानी पद्धतीनं केलेलं हवं, नुसतं तसं दिसणारं नको.

आधी लाकूड फुगतं कसं ते पाहू. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. हवेतलं बाष्प या नळ्यांच्या भिंतींत शिरतं आणि भिंती जाड होतात. त्यामुळे मोळी रुंदीत वाढते, लांबीत जवळजवळ नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असतं. आर्द्रता नव्वदीवर गेली की ते २० टक्क्यांच्या आसपास पोचतं. ओला साग पूर्ण वाळला, तर वाढीच्या वलयांच्या दिशेनं तो ५.८ टक्के आकसतो. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं फक्त २.५ टक्के. म्हणजे रुंदी वलयांच्या दिशेनं येईल अशी चिरलेली ४० सेंटिमीटर रुंद कोरी सागवानी फळी उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत ८ मिलिमीटरपर्यंत रुंदावू शकते. पॉलिशनं हा वेग मंदावतो, थांबत नाही. आणि या फुगण्याचा जोर एवढा असतो की चारी बाजूंनी खिळे-फेविकॉल लावून जखडलेली फळी एक तर बाक धरते, नाही तर तडकते. एमडीएफची गत वेगळीच. त्यातले दाबून बसवलेले लाकडाचे तंतू एकदा भिजून फुगले की वाळल्यावरही मूळ जागी परतत नाहीत. लोणावळ्यात एमडीएफचं कपाट घेणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

खिळे न वापरता नुसत्या सांध्यांवर कपाटं उभी करण्याच्या जपानी कारागिरीला साशिमोनो म्हणतात. तिची खरी हुशारी सांध्यांपेक्षा सोडलेल्या जागेत आहे. कपाटाच्या पाठीची फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, चिकटवलेली नसते. ती खाचेतल्या खाचेत फुगते आणि आकसते. फळ्या शक्यतो गाभा ते साल या दिशेनं कापलेल्या घेतात, त्यामुळे फुगणं निम्म्याहून कमी होतं. आणि दाराच्या पट्ट्या? सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी फुगली तरी किती फुगणार, दोन दशांश मिलिमीटर. शेजारच्या फटीत ते जिरून जातं.

या फटी टीव्हीच्याही कामाच्या. रिमोटचे अवरक्त किरण लाकडातून जात नाहीत, पट्ट्यांच्या मधून जातात. शिवाय आतला सेट-टॉप बॉक्स आणि राउटर सतत थोडे तापलेले असतात. २३ अंशांची ९५ टक्के दमट हवा २८ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता सत्तरीवर येते. बुरशीला लागते त्याहून ती कमी. पण पाठ आणि दारं गच्च बंद असलेल्या कपाटात एक बाजू कोरडी, दुसरी ओली राहते आणि फळी वाकते. सोमवारी मेन स्विच बंद करून मुंबईला परतणाऱ्यांच्या बंगल्यात तर आठवडाभर ओल आणि शनिवारी एसी, असा मारा लाकडाला सोसावा लागतो.

पट्ट्या आणि फटी यांची फार जुनी परीक्षा लोणावळ्याजवळ, मावळातच चालू आहे. कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहात मान वर केली की दगडी छताखाली सागवानी कमानींची रांग दिसते. वय सुमारे दोन हजार वर्षं. त्यांच्यावर भार कसलाच नाही. डोंगर स्वतःचा स्वतः उभा आहे. अरुंद कमानी, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना मोकळी हवा, जमिनीच्या ओलीपासून दूर, थेट पाऊस नाही. सागाच्या गाभ्यातलं टेक्टोक्विनोन वाळवीला दूर ठेवतं, हे आणखी एक कारण. स्थापत्याच्या दृष्टीनं त्या कमानी अनावश्यकच, पण लाकडी सभागृहांची सवय सुटली नव्हती. जवळच्याच भाज्याच्या लेण्यातले खांब तर लाकडी खांबांसारखे आत कललेले कोरले आहेत. कार्ल्याच्या एका शिलालेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराची, वेणुवासाच्या मुलाची, नोंद आहे: लेण्याचं दार त्यानं केलं. दगडात काम करणारा हा माणूस स्वतःची ओळख सुतार म्हणूनच देतो, हे मला फार आवडतं.

लाकडाची अशीच परीक्षा जपानमध्येही झाली: नारा शहरातल्या शोसोइन या लाकडी कोठारात आठव्या शतकातल्या राजघराण्याच्या वस्तू शतकानुशतकं टिकून राहिल्या. कोठाराचे ओंडके ओल्या हवेत फुगून फटी बंद करतात, असं पूर्वी सांगत. मोजमापं घेतल्यावर श्रेय गेलं ते आतल्या, सुगी या जपानी झाडाच्या लाकडी पेट्यांना. बाहेर आर्द्रता कितीही वरखाली झाली तरी पेटीत ती फारशी हलत नाही, कारण पेटीचं लाकूडच बाष्प शोषतं आणि सोडतं.

राहता राहिलं पॉलिश. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश केलं की ओल अडकून त्यावर पांढुरका ढग येतो. जाणता सुतार म्हणूनच ते काम दिवाळीवर ढकलतो. जपानी उरुशीचं नेमकं उलट. एका झाडाचा हा चीक कोरड्या हवेत नीट वाळतच नाही. त्यातलं लॅकेज हे विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या साह्यानं चिकाचे रेणू एकमेकांत गुंफतं, आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये या विकराचा माग काढला. जपानी कारागीर उरुशी लावलेली वस्तू मुद्दाम दमट केलेल्या कपाटात ठेवतात: २० ते ३० अंश तापमान, ७० ते ८५ टक्के आर्द्रता. लोणावळ्यात पावसाळ्यात जवळपास अशी हवा फुकट मिळते. हात मात्र सांभाळायला हवेत, कारण उरुशीचं झाड बिब्ब्याच्याच कुळातलं आणि ओला चीक अंगाला लागला की तसाच उततो.